उलटलेला लिम्फोमा आणि नव्या उपचारांच्या चाचण्या

लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा, म्हणजे शरीराच्या संरक्षणयंत्रणेतील पेशींचा कर्करोग होय. त्याच्या आक्रमक प्रकारांपैकी सर्वाधिक आढळणारा प्रकार ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ या नावाने ओळखला जातो. हा रोग झपाट्याने वाढतो, तसाच औषधांना चांगली दादही देतो. रिटुक्सिमॅब या औषधाची जोड दिलेल्या केमोथेरपीने शंभरांपैकी सुमारे साठ रुग्ण कायमचे बरे होतात. उरलेल्यांमध्ये रोग औषधांना जुमानत नाही किंवा काही काळाने उलटतो. अशा रुग्णाच्या आप्तांपुढे कधीतरी ‘क्लिनिकल ट्रायल’ हा शब्द येतो आणि त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो : “म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार का?” प्रस्तुत लेख या प्रश्नासाठी आहे.

उलटलेल्या लिम्फोमावर आज जे उपचार सर्वमान्य आहेत, तेही एके काळी चाचणीतूनच सिद्ध झाले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्मा’ चाचणीत केमोथेरपीला पुन्हा दाद देणाऱ्या १०९ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीची केमोथेरपी चालू ठेवली, दुसऱ्याला तीव्र मात्रेची केमोथेरपी देऊन स्वतःच्याच अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण केले. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील ३२ टक्के, तर दुसऱ्यातील ५३ टक्के रुग्ण हयात होते. ज्यांचा रोग केमोथेरपीला दादच देत नाही, त्यांना मात्र या शोधाचा फारसा उपयोग झाला नाही. २०१७ साली अशा ६३६ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा निम्मे रुग्ण साधारण सहा महिन्यांतच दगावल्याचे दिसले. नव्या उपचारांची निकड येथून निर्माण झाली.

या दिशेने झालेले एक महत्त्वाचे कार्य आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक बसवायचे, जेणेकरून त्या कर्कपेशीवरील ‘सीडी १९’ ही खूण ओळखतील, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या पुन्हा रुग्णाच्या शिरेतून सोडायच्या, अशी ही ‘कार-टी’ चिकित्सा आहे. पवईच्या आयआयटी मुंबईने टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्याने ती देशातच विकसित केली. देशातील पहिली कार-टी चिकित्सा ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियलच्या खारघर येथील अॅक्ट्रेक केंद्रात झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने या उपचारास मान्यता दिली. परदेशी बनावटीच्या अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागत असताना याचा खर्च त्या वेळी ३० ते ४० लाखांच्या घरात सांगितला गेला. सामान्य कुटुंबास हीदेखील अवाढव्य रक्कम आहे, हे वेगळे सांगायला नको.

या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आले. ६४ रुग्णांना त्यात घेतले होते. परिणामाचे मोजमाप करता आले अशा ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांना उपचार लागू पडला. वृत्तपत्रांतून हाच आकडा सर्वत्र गेला. तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘लागू पडला’ म्हणजे रोग मागे हटला. तो कायमचा गेला असे नव्हे. शिवाय या चाचणीत लिम्फोमाबरोबर ल्युकेमियाचेही रुग्ण होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. उपचाराशी निगडित असे दोन मृत्यूही झाले. हे दोन मृत्यू त्याच लेखात स्पष्ट नोंदलेले आहेत, आणि चाचणीवर विश्वास ठेवायचा तो अशा नोंदींमुळेच.

नवे म्हणजे सरसच, असेही नाही. परदेशांत दोन वेगवेगळ्या कार-टी औषधांची प्रचलित उपचारांशी तुलना झाली आणि दोन्हींचे निष्कर्ष २०२१ च्या डिसेंबरात एकाच वेळी प्रसिद्ध झाले. ३५९ रुग्णांच्या एका चाचणीत रोग काबूत राहण्याचा मध्यम कालावधी दोन महिन्यांवरून आठ महिन्यांवर गेला. ३२२ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत तो दोन्ही गटांत तीन महिनेच राहिला. औषधांची जात एक, तत्त्व एक, परिणाम मात्र भिन्न. कोणत्या गटात कोण, हे संगणक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवतो, याचे आप्तांना वाईट वाटते. परंतु आपल्या वाट्याला ‘जुना’ उपचार आला म्हणजे अन्याय झाला, असे म्हणता येत नाही ते यामुळेच. अशा तुलनेत दुसऱ्या गटालाही त्या वेळचा मान्य उपचारच मिळतो. गंभीर रुग्णाला नुसत्या साखरेच्या गोळीवर ठेवले जात नाही.

आता संमतीपत्राविषयी. भारतात २०१९ च्या नियमांनुसार प्रत्येक चाचणीस नैतिकता समितीची मंजुरी आणि राष्ट्रीय चाचणी नोंदवहीतील क्रमांक लागतो. तो क्रमांक निःसंकोच मागावा. संमतीपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे. चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार विनामूल्य मिळण्याचा आणि नुकसानभरपाईचा हक्क त्यात लिहिलेला असतो. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. पेशी-उपचारात एक फरक आहे : एकदा शिरेतून सोडलेल्या पेशी परत काढून घेता येत नाहीत, म्हणून निर्णय त्याआधी पक्का व्हावा. औषध बहुधा प्रायोजक देतो. प्रवास, निवास, रक्तघटक यांचा भार कोणावर, हे मात्र स्पष्ट विचारून घ्यावे.

शनिवार पेठेतील आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयात अशा चाचण्या होत नाहीत. परंतु त्यांची वाट येथूनच सुरू होते. रोग उलटल्याचा संशय येताच पुन्हा बायोप्सी करणे आवश्यक असते. त्याआधी स्टेरॉइड सुरू केल्यास निदान झाकले जाण्याचा संभव असतो. बेंडामस्टिनसारखे औषध आधी दिले गेल्यास पुढे टी-पेशी नीट मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या टप्प्याची केमोथेरपी ठरवण्यापूर्वीच मोठ्या केंद्राचा सल्ला घेणे हिताचे असते. दोन केमोथेरपी निष्फळ ठरल्यावर, रुग्ण पूर्ण खचल्यावर पाठवले, तर चाचणीचे निकषच तो पूर्ण करू शकत नाही.

पेशी सोडल्यानंतर रुग्णास सुमारे महिनाभर केंद्राच्या जवळ राहावे लागते. ताप आला, बोलण्यात गोंधळ जाणवला, तर तासाभरात पोहोचता आले पाहिजे. पुण्याहून ते शक्य नाही. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा येथे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते, पण जागेसाठी आधी चौकशी करावी लागते. देणगीदारांनी रुग्णसाहाय्य निधीस दिलेली रक्कम अशा प्रसंगी औषधापेक्षाही या एका महिन्याच्या भाड्याला, जेवणाला आणि सोबत राहणाऱ्या नातेवाइकाच्या बुडालेल्या रोजगाराला अधिक उपयोगी पडते.