लाठी, वाळू आणि लीडरशिप

लीडरशिपवरचे सेमिनार आपण सगळ्यांनीच ऐकले आहेत (मागच्या रांगेत, अर्धवट झोपेत!). मला मात्र या विषयाचा पहिला धडा हर्णेच्या किनाऱ्यावर मिळाला.

मी कॉन्व्हेंटची मुलगी. मर्दानी खेळ म्हणजे शिवजयंतीच्या मिरवणुकीत बघायची गोष्ट, एवढंच माहीत. पण हर्णे माझं आजोळ आणि मामा कोल्हापूरला शिकायला असताना तिथल्या एका तालमीत लाठी, दांडपट्टा शिकलेला. बारावीच्या सुट्टीत मी त्याच्या मागेच लागले.

पहिले आठ दिवस त्याने लाठी हातात दिलीच नाही! ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर नुसते पवित्रे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. (१७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्रेंकडून घेतला, तेही पेशव्यांशी हातमिळवणी करून! पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) पलीकडे मासळीच्या लिलावाचा गलका. मामा माझ्याकडे बघायचाच नाही, वाळूतले ठसे बघायचा. "टाच खोल गेलीय. वजन मागे टाकलंस, म्हणजे घाबरलीस," असं म्हणायचा.

आता थोडं मेकॅनिक्स. दीड मीटरची लाठी मधोमध धरून सेकंदाला दोन फेऱ्या फिरवली, तर टोकाचा वेग सुमारे ९.४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. फेऱ्या दुप्पट केल्या की ऊर्जा चौपट. दांडपट्टा तर आणखी अवघड. त्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. पट्ट्याने तळहातावरचं लिंबू कापतात ते तुम्ही पाहिलं असेल. टाळ्या पट्टेवाल्याला मिळतात. मामाच्या तालमीत मात्र नियम होता, आधी दुसऱ्यासाठी लिंबू धरायचं, मग पट्टा उचलायचा.

हे सगळं माहीत असूनही गेल्या वर्षी गॅदरिंगला मी घोळ घातला. हॉस्टेलच्या बारा मुलींचा लाठीचा ग्रुप, लीडर मी. स्टेजवर शिट्ट्या ऐकून अंगात आलं आणि वेग वाढवला. बाजूची फर्स्ट इयरची मुलगी मागे पडली, माझी लाठी तिच्या मनगटावर बसली. फ्रॅक्चर नव्हतं, पण दोन आठवडे तिला धड लिहिता येईना. सबमिशनच्या दिवसांत!

रात्री मामाला फोन केला. तो ओरडला नाही. एवढंच विचारलं, "तेव्हा बघत कुठे होतीस?"

खरं सांगू? प्रेक्षकांकडे.

तिची माफी मागितली, तिच्या शीट्स मी काढून दिल्या. आता मेसमागच्या ग्राउंडवर आम्ही गोल उभ्या राहतो आणि वेग ठरवते ती सगळ्यात नवी मुलगी. माझी चिडचिड होते कधीकधी, हळू वाटतं. ती ज्युनिअर महिन्याभराने परत आली. लाठी घेण्याआधी तिने माझ्या पायांकडे बघितलं. ग्राउंड ओलं होतं, ठसे दिसत होते. मग ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, पण एक पाऊल लांब.