आचार्य धर्मानंद कोसंबी : काही अपरिचित गोष्टी

आमच्या वक्तृत्वस्पर्धांत धर्मानंद कोसंबींचे नाव दरवर्षी येते. ते चार वेळा हार्वर्ड विद्यापीठात गेले, 1929 साली लेनिनग्राडला गेले, एवढे सांगून झाले की टाळी पडते. परंतु हा मनुष्य कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता, गावातील मराठी शाळेपलीकडे त्याचे शिक्षण जाऊ शकले नव्हते, हे सांगितले की सभागृह क्षणभर शांत होते. ती शांतता आम्हांस टाळीपेक्षा अधिक मोलाची वाटते. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या चरित्रातील, फारशा बोलल्या न जाणाऱ्या काही गोष्टी मांडीत आहोत.

1876 साली गोव्यातील साखवळ गावी त्यांचा जन्म झाला. प्रकृती अशक्त, घरची माडांची बागाईत सांभाळण्याचे काम वाट्याला आलेले, आणि वाचनाची भूक मात्र अनावर. 1897 च्या सुमारास 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धचरित्रावरील एक लेख वाचला. हे मासिक अमेरिकन ख्रिस्ती मिशनचे होते! बुद्ध त्यांना प्रथम भेटला तो त्रिपिटकात नव्हे, विहारातही नव्हे, तर मिशनऱ्यांनी मुलांसाठी छापलेल्या मासिकाच्या पानांत. आमच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे गठ्ठे रद्दीत काढण्याचा विषय निघतो, तेव्हा आम्हांस ही गोष्ट हटकून आठवते.

1899 साली ते घराबाहेर पडले. पुण्याला संस्कृताचा आरंभ, नंतर काशीत अन्नछत्रात जेवून अध्ययन, पुढे बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ. तेथे निराशा पदरी आली. बुद्धगयेवरून ते सिंहलद्वीपास गेले आणि 1902 साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी श्रामणेर झाले. पाली ग्रंथ तेथे सिंहली लिपीत होते. पंचविशी उलटलेल्या या विद्यार्थ्याला भाषेच्या आधी अक्षरेच गिरवावी लागली.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी गौरवपर लेखांत बहुधा गाळली जाते. ते निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही कन्या माणिक होत्या. कित्येक वर्षे या मायलेकींनी त्यांच्यावाचून काढली. 'निवेदन' या आत्मवृत्तात कोसंबी आपल्या उणिवा झाकीत नाहीत. मग आपण तरी का झाकाव्यात? त्यांच्या विद्येची किंमत बाळाबाईंनीही मोजली आहे. पुढे 1918 साली कोसंबी दुसऱ्यांदा अमेरिकेस निघाले तेव्हा माणिक आणि दामोदर ही दोन्ही मुले त्यांच्याबरोबर होती. दामोदर म्हणजेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून कीर्ती पावलेले दा. ध. कोसंबी.

आता पैशाची गोष्ट. कलकत्त्यास पाली शिकवीत असताना त्यांना दरमहा 250 रुपये मिळण्याजोगी जागा समोर होती. त्याच वेळी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी कळविले की, महाराष्ट्रात कोठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा. दरमहा 50 रुपये देऊ. कोसंबींनी पन्नास रुपये पत्करले. बुद्धाचा विचार मराठी माणसापर्यंत मराठीतून पोचावा हा त्यांचा ध्यास होता, आणि कलकत्त्यात बसून तो पुरा होणारा नव्हता. पुढे डॉ. रा. गो. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश झाला. 1912 पासून कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि पु. वि. बापटांसारखे विद्वान तेथे त्यांच्या हाताखाली घडले. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहारही उभा केला.

आणखी एक गोष्ट आपल्या घराघरांतील ग्रंथाशी निगडित आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आणि रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला कलह हे कारण पुढे ठेवले, हे आपण जाणतोच. त्या कथेविषयीची शंका आणि शाक्य-कोलीयांच्या कलहाकडे निर्देश, या दोन्ही गोष्टी कोसंबींनी त्याआधी 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात सुत्तनिपाताच्या आधारे मांडल्या होत्या. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ही प्रकरणे वाचावीत, असे आम्ही वरच्या वर्गातील मुलांना सुचवितो.

राहता राहिले हार्वर्ड. तेथे त्यांचे मुख्य काम 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे ते अर्धवट राहिले होते. श्रेय कोणाचे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, आणि 1912 साली कोसंबी काम सोडून मायदेशी परतले. तरीही पुढे त्याच कामासाठी ते पुन्हा तेथे गेले. दरम्यान 1940 साली त्यांची देवनागरी आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध झाली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती 1950 साली. तिच्या मुखपृष्ठामागील पानावर वॉरन यांच्याबरोबर कोसंबींचे नाव आहे. ते पाहायला ते हयात नव्हते. 1947 च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला होता.