‘ध’ चा ‘मा’

गावात एखादा तरी पडका वाडा असतोच. तिन्हीसांजेला पोरं त्या वाटेनं जात नाहीत. “तिथं भूत आहे,” असं म्हातारी माणसं सांगतात. असाच एक मोठा वाडा पुण्यात आहे.

पुण्याच्या बाजीराव रस्त्याने उत्तरेकडे चालत जाऊ या. वाटेत विश्रामबागवाडा लागतो. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा अजून उभा आहे. पुढे गेलो, की शनिवारवाडा दिसतो. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० साली त्याचा पाया घातला. १८२८ साली त्याला मोठी आग लागली. आतले महाल जळाले. आता दगडी तट, दिल्ली दरवाजा आणि महालांचे चौथरे उरले आहेत.

लोक म्हणतात, रात्री या वाड्यातून हाक येते, “काका, मला वाचवा!” कुणी म्हणतो अवसेला येते, कुणी म्हणतो पुनवेला.

ही हाक कुणाची? नारायणराव पेशव्यांची. ते अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांचे चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीत, गारदी शिपाई वाड्यात घुसले. थकलेला पगार मागायचे निमित्त होते. नारायणराव पळत काकांकडे गेले. त्यांना मिठी मारली. पण गारद्यांनी त्यांना तिथेच ठार केले.

म्हणतात, रघुनाथरावांच्या चिठ्ठीत ‘धरावे’ असे होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी ‘ध’ चा ‘मा’ केला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले! अक्षर आनंदीबाईंनीच बदलले, याला पक्का पुरावा नाही. तरी दोष त्यांच्या नावाला चिकटला तो चिकटलाच. ऐकीव गोष्ट अशी असते.

पण एकाने खरे शोधले. ते न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. रघुनाथराव तोवर स्वतः पेशवे झाले होते. तरी शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि धन्यालाच दोषी ठरवले. “देहान्त हेच प्रायश्चित्त,” असा निवाडा दिला आणि नोकरी सोडून ते पुण्याबाहेर पडले.

मंडळी, रात्री पडक्या वाड्यात वारा घुमतो, घुबड ओरडते. भित्या मनाला तीच हाक वाटते. नारायणरावांना भुताने मारले नाही. माणसांनी मारले. मग भ्यायचे कशाला? भुताला, की खोट्या कागदाला?

आता आपल्याला अक्षरे कळतात. कुणी कागद पुढे केला, तर लगेच अंगठा उठवू नये. आधी एक एक अक्षर वाचावे. आकडाही पाहावा. समजले नाही, तर विचारावे. मगच सही करावी. एका अक्षराने काय होते, ते आपण पाहिलेच!

प्रश्न
१. शनिवारवाड्याचा पाया कुणी घातला?
२. ‘ध’ चा ‘मा’ झाला म्हणजे काय झाले?
३. रामशास्त्र्यांनी नोकरी का सोडली असेल?
४. तुमच्या गावातल्या जुन्या वाड्यात पूर्वी कोण राहत होते? विचारून चार ओळी लिहा.