आपापल्या घरासमोरची भिंत

आजचा शास्त्रभाग : नहेम्या ३:१-३२



नहेम्याचा तिसरा अध्याय आपण बहुतेक वेळा भराभर उलटतो. नावंच नावं! अमक्याने एवढी भिंत दुरुस्त केली, त्याच्या शेजारी तमक्याने. पण सावकाश वाचा. इथे सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये तयार करणारे आहेत, शल्लूमच्या मुलीसुद्धा आहेत (वचन १२). आणि याजक आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त करत आहेत (वचन २८).

ऑनसाइटला असताना इंग्लंडच्या सफोक भागातलं ब्लायबरो गावचं होली ट्रिनिटी चर्च पाहिलं आणि हा अध्याय मला नव्याने कळला. गाव अगदी लहान, भोवती नदीकाठची दलदल आणि मधे हे प्रचंड चर्च. लोक त्याला ‘दलदलीतलं कॅथेड्रल’ म्हणतात. पंधराव्या शतकात ते बांधलं गेलं तेव्हा इथे बंदर होतं, व्यापार होता. पुढे नदी गाळाने भरली, जहाजं येईनाशी झाली, पैसा आटला. चर्च मात्र तेवढंच मोठं राहिलं. वारसा मोठा, हात थोडे!

४ ऑगस्ट १५७७ रोजी भर उपासनेत वादळ झालं, मनोऱ्याचं शिखर आत कोसळलं आणि एक माणूस व एक मुलगा दगावला. १८८१ मध्ये इमारत धोकादायक म्हणून बंद करावी लागली. त्याआधी लोक आत छत्र्या उघडून बसत, असं सांगतात. तरी ते लोक येत होते! नंतर दुरुस्ती झाली, दारं पुन्हा उघडली.

वर छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. त्यांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले. १६४४ मध्ये मूर्ती फोडायला आलेल्या प्युरिटन लोकांवर याचा ठपका बरीच वर्षं होता. पण छर्रे निघाले अठराव्या शतकातले. चर्चमध्ये शिरणारे पक्षी मारायला तेव्हा पैसे देऊन माणसं लावत. म्हणजे घाव शत्रूचा नव्हता, घरचाच होता. नहेम्याच्या पाचव्या अध्यायातही तेच दिसतं : बाहेर शत्रू उभे आणि आत भाऊच भावाकडून व्याज घेतोय.

माझ्या कामात नवीन सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं कौतुक होतं. जुनं चालू ठेवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. देवाच्या वचनात मात्र डागडुजी करणाऱ्यांच्या नावांसाठी एक अख्खा अध्याय दिला आहे.

आपल्याकडेही गावोगावच्या मंडळ्यांतून तरुण पुण्या-मुंबईला गेले. मागे चार म्हातारी माणसं घंटा वाजवतात, झाडलोट करतात. ती फक्त इमारत सांभाळत नाहीत. ती आपल्यासाठी दार उघडं ठेवताहेत.

आज स्वतःला विचारू या :
१. माझ्या घरासमोरची कोणती भिंत पडली आहे? कौटुंबिक प्रार्थना? तुटलेलं बोलणं?
२. माझ्याच हातचे छर्रे कुठे रुतले आहेत?
३. गावाकडच्या मंडळीला मी शेवटचा फोन कधी केला?

प्रार्थना : हे प्रभू, सगळी भिंत माझ्याच्याने होणार नाही. पण माझ्या दारासमोरची तरी मला बांधू दे. आमेन.