वचन आणि वाट पाहणे

देवाने अब्राहामाला मोठे राष्ट्र करण्याचे वचन दिले तेव्हा तो 75 वर्षांचा होता. इसहाक जन्मला तेव्हा 100. मधली 25 वर्षे आपण दहा पानांत वाचून टाकतो. सारानं ती एकेक दिवस काढली. तिला धीर धरवला नाही, हागारचा मार्ग तिनेच सुचवला आणि घरात कलह आला. पुढे देवाचा निरोप ऐकून ती हसलीदेखील! तरी वचन टिकले. मुलाचे नावच इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’.

इसहाकालाही 20 वर्षे थांबावे लागले. त्याने रिबकासाठी प्रार्थना केली. लग्नकार्यात एखाद्या जोडप्याला “गोड बातमी कधी?” असे विचारणारे आपण, त्यांच्यासाठी कधी प्रार्थना करतो का?

मूल ही देणगी आहे, त्यावर कोणी हक्क सांगू शकत नाही, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (2378) सांगतो. योग्य उपचारांनंतरही मूल न झालेल्यांना तो (2379) प्रभूच्या क्रुसाकडे नेतो, कारण सर्व आध्यात्मिक फलदायीपणाचा उगम तेथे आहे. अनाथ बालकाला दत्तक घेणे, इतरांसाठी झिजणे हेही तो सुचवतो. अशी घरे आपल्या धर्मग्रामात आहेत. आजच्या मिस्सात त्यांची आठवण करू या.