धवला, ध्वनिफीत आणि श्रोता : माध्यम-अभ्यासाची एक दिशा

मराठी विभागांतून ‘साहित्य आणि प्रसारमाध्यमे’ हा विषय शिकविला जातो, तेव्हा त्याचा प्रारंभ बहुधा १८३२ च्या ‘दर्पण’पासून होतो आणि दूरचित्रवाणी-मालिकांच्या भाषेपाशी येऊन तो थांबतो. वृत्तपत्र, नियतकालिक, नभोवाणी, दूरचित्रवाणी या क्रमात ध्वनिमुद्रण हे माध्यम जवळजवळ वगळले जाते. फार तर भावगीताच्या निमित्ताने त्याचा ओझरता उल्लेख होतो. ज्या समाजांचे वाङ्मय दीर्घकाळ मौखिक राहिले, त्यांच्या सांस्कृतिक जीवनात मात्र छापील पानापेक्षा ध्वनिफितीने अधिक खोलवर प्रवेश केला आहे. माध्यमाची ‘भूमिका’ तपासावयाची तर ‘त्याने समाज सुधारला की बिघडविला’ या प्रश्नापेक्षा ‘त्याने श्रोत्याचे काय केले’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उत्तर कोकणातील आगरी समाजाच्या लग्नगीतांच्या आधारे हा प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोरवा ही गावे एकापाठोपाठ लागतात. आज ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. नगरपरिषदेची महानगरपालिका २००२ साली झाली. गावांचे जुने जीवन भातशेती आणि मिठागरे यांवर उभे होते. ‘आगर’ या शब्दाशी समाजाचे नाव जोडले जाते ते त्यामुळेच. याच रस्त्याने पुढे गेल्यावर डोंगरी-उत्तनच्या बाजूस ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती लागते. तेथील लग्नातही ‘उंबराचं पाणी’ आणण्याचा विधी असतो आणि त्याला गाण्यांची साथ असते. धर्म वेगळे असले तरी लग्नाला गाणे लागते, ही समजूत दोन्हीकडे सारखी आहे.

आगरी आणि कोळी समाजांच्या लग्नात हे गाणे म्हणजे धवला आणि ते गाणारी स्त्री म्हणजे धवलारीण. धवला हे लग्नाच्या प्रसंगी म्हटले जाणारे गीत आहे, एवढे म्हणणे पुरेसे नाही. परंपरेने धवलारीण पुरोहिताच्या जागी उभी असते. मांडव, हळद, देवांना आवतण यांपैकी जो विधी चालू असेल त्याचे शब्द ती म्हणते आणि त्या शब्दांनी तो विधी पुढे सरकतो. येथे गीत विधीचे वर्णन करीत नाही, विधी घडविते. त्यामुळे धवल्याची लांबी कवीच्या नव्हे, तर प्रसंगाच्या हाती असते. पाणी आणावयास गेलेली मंडळी परतली नाहीत तर गाणे लांबते. परतली की आवरते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास या शब्दाची ओळख वेगळ्या वाटेने झालेली असते. तेराव्या शतकातील महदंबेचे ‘धवळे’ आपण आद्य कवयित्रीची रचना म्हणून शिकवितो. त्याच शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त ‘धवल’ हा प्रबंधप्रकार नोंदलेला आहे. महानुभाव परंपरेनुसार महदंबेने हे धवळे गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी, त्यांच्यासमोर गायिले. विषय रुक्मिणीस्वयंवराचा होता. म्हणजे ती रचना मुळात एका विशिष्ट श्रोत्यास उद्देशून, विशिष्ट प्रसंगी उच्चारलेली होती. लेखनात उतरल्यावर ती संहिता झाली आणि क्रमिक पुस्तकात आल्यावर ‘काव्यगुण’ शोधण्याचा विषय झाली. वर्गात रसग्रहण करून घेताना ते गाणे कोणापुढे गायिले गेले हे आपण टीपेत टाकतो. ध्वनिफितीने पुढे जे केले, त्याची पहिली पायरी अशी लेखणीनेच घातली होती. केवळ नव्या यंत्राला दोष देण्याची घाई म्हणूनच करू नये.

विसाव्या शतकारंभी आलेल्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे बसत असे. विधीइतके लांबणारे गाणे या मापात मावणे शक्य नव्हते. लोकगीतातून तबकडीवर आले ते त्याचे धृपद, ठेका आणि वातावरण. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते या वळणाचा उत्तम नमुना होत. गीत म्हणून ती सुंदर आहेत. परंतु त्यांचा श्रोता कोळीवाड्यातला नाही, तो कोळीवाड्याकडे बाहेरून पाहणारा मराठी मध्यमवर्ग आहे, आणि बोलीचा वापरही त्याला समजेल इतक्याच बेताने केलेला आहे.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि हे चित्र पालटले. भारतातील या स्थित्यंतराचा विस्तृत अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात केला आहे. उत्पादनखर्च घटल्यामुळे लहान कंपन्यांना लहान समूहांसाठी, त्यांच्याच बोलीत ध्वनिफिती काढणे परवडू लागले, हे त्यांचे निरीक्षण आगरी-कोळी गीतांस तंतोतंत लागू पडते. वेसाव्यासारख्या कोळीवाड्यांतील गायकमंडळींची गाणी घरोघर पोहोचली; हळदीची गाणी, कार्ल्याच्या एकवीरेची गाणी बाजारात आली. शाळेत जी बोली ‘अशुद्ध’ ठरत होती ती विकत घेऊन ऐकण्याजोगी झाली. हे श्रेय कॅसेटला दिलेच पाहिजे. लोकसंस्कृतीच्या ऱ्हासाविषयी लिहिणारे अभ्यासक ते देत नाहीत, कारण त्यांपैकी बहुतेकांना त्या बोलीत कधी लाजावे लागलेले नसते.

पण याच कॅसेटने धवलारणीची जागा घेतली नाही. तिने हळदीची रात्र घेतली. नाचण्याजोगी लय, ठरलेली लांबी, वाद्यवृंद या गुणांमुळे ध्वनिमुद्रित गाणे उत्सवाच्या कामाचे ठरले, विधीच्या कामाचे ते नव्हतेच. विधी आक्रसत गेला आणि उत्सव फुगत गेला. आज यूट्यूबवरील आगरी हळदीच्या गाण्यांत हीच प्रक्रिया दृश्यरूपाने पुढे गेलेली दिसते. (ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, अंगणात बसून गाणाऱ्या स्त्रियांच्या कंठाला मात्र ध्वनिक्षेपकाचा परवाना कधीच लागला नाही.)

सर्वांत महत्त्वाचा फरक नावाचा आहे. लग्नगीतांत वधूचे, वराचे, आईबापांचे नाव घालावयाची जागा असते. गाणारी ती भरते आणि ज्याचे नाव आले तो मान वर करून पाहतो. ध्वनिमुद्रित गाण्यात ही जागा ‘नवरी’ आणि ‘नवरा’ या सामान्यनामांनी कायमची बुजविलेली असते. तेच गाणे शंभर मांडवांत वाजते, कारण ते कोणत्याही एका मांडवाला उद्देशून नाही. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये ‘दुय्यम मौखिकता’ ही संज्ञा रूढ केली. या संज्ञेचा अर्थ विद्यार्थ्याला या एका विशेषनामाच्या लोपातून चटकन उमगू शकेल.

दुसरे नाव गाणारणीचे. ध्वनिफितीच्या वेष्टनावर ‘गीत : पारंपरिक’ असे छापले की कर्तृत्वाचा प्रश्न मिटतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात प्रयोगकर्त्याचे हक्क आले ते १९९४ च्या दुरुस्तीने. ती दुरुस्ती गायकाला प्रयोगकर्ता मानते. परंतु जिने सासूकडून ऐकलेले चरण आपल्या परीने वाढविले, तिला ‘परंपरा’ या शब्दाआड कवी म्हणून स्थान उरत नाही.

याउलट माध्यमाचा वेगळा उपयोगही होऊ शकतो. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव दिलेले असते. यंत्र तेच, पण एकाने नाव पुसले आणि दुसऱ्याने टिपले. म्हणजे निर्णय यंत्राचा नव्हता.

पदव्युत्तर वर्गासाठी क्षेत्रकार्य योजताना हे ध्यानी ठेवावे. विद्यार्थी धवलारणीला खोलीत बसवितात, पंखा बंद करतात, मुलांना बाहेर पाठवितात आणि ‘स्वच्छ’ ध्वनिमुद्रण आणतात. त्यापेक्षा लग्नघरातच एखाद्या भाचीने मोबाइलवर टिपलेले, भांड्यांच्या आवाजाने भरलेले, मध्येच ‘अगो, पाणी आलं का?’ असे विचारणारे ध्वनिमुद्रण अभ्यासाला अधिक मोलाचे आहे. तो प्रश्न संहितेत घ्यावयाचा की गाळावयाचा, हे लिप्यंतर करणाऱ्याने आधी ठरवावे आणि गाळला तर तसे नोंदवावे. त्याच लग्नातील हळदीच्या रात्री कोणती ध्वनिमुद्रित गाणी वाजली, त्यांची निवड कोणी केली, ती वाजत असताना वृद्ध स्त्रिया कोठे बसल्या होत्या, याचे टिपण त्याच वहीत, समोरच्या पानावर असावे.