बातमीसाठी विचारायचं कुणाला?

प्रश्न : मी चारठाण्याचा. एका साप्ताहिकाला बातम्या पाठवतो. परभणी महापालिकेतले कर्मचारी कॅमेऱ्यासमोर बोलायचं टाळतात. सरपंच गाव चालवतात, तसं महापौर शहर चालवतात ना? मग त्यांचंच म्हणणं घेतलं तर पुरे?
– एक वाचक, चारठाणा, ता. जिंतूर

उत्तर : नाही, इथेच घोळ होतो. गावात कार्यकारी अधिकार सरपंचांकडे असतात. महापालिकेत मात्र 1949 च्या अधिनियमानुसार ते आयुक्तांकडे असतात. महापौर सभा चालवतात; सभा धोरण आणि अंदाजपत्रक मंजूर करते. अमेरिकेतल्या अनेक शहरांत निवडून आलेली सभाच व्यवस्थापक नेमते आणि काढते. आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार पाठवतं. नगरसेवकांच्या एकूण संख्येपैकी पाच-अष्टमांश मतं विरोधात पडली, तरच त्यांना परत बोलवावं लागतं.

तेव्हा ठराव का झाला, हे महापौरांना किंवा गटनेत्यांना विचारा. काम का रखडलं, बिल कुणाचं निघालं, हे आयुक्तांना किंवा जनसंपर्क विभागाला. कर्मचारी गप्प राहतात ते बहुधा सेवानियमांमुळे; त्यांना आडून बोलतं करून नाव छापू नका, नोकरी त्यांची जाते.

प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. पत्रकार असल्याचा दाखला लागत नाही. सभेचं इतिवृत्त मागवलंत, तर निम्मी बातमी त्यातच सापडते.